सात मात्रांचा अभंग आणि मे महिन्यातला फझ

वाचकांचे प्रश्न : मराठी रॉक

या वेळचे सगळे प्रश्न नाशिक आणि आसपासच्या वादक-गायकांचे आहेत. ही मंडळी मराठीत स्वतःची गाणी रचतात आणि त्यांचं वळण सायकेडेलिक-प्रोग्रेसिव्ह आहे. १९६६-६७च्या सुमारास रॉकमध्ये एकसुरी घुमारा, लांबणारे प्रतिध्वनी आणि फाटलेल्या आवाजाची, म्हणजे ‘फझ’ गिटार आली, ते सायकेडेलिक. १९६९नंतर लांब रचना, बदलते ताल आणि एका गाण्यात चार-पाच वेगळे भाग जोडण्याची रीत जोमाने वाढली, ते प्रोग्रेसिव्ह. दोन्हींना लागणारं बरंचसं सामान आपल्या संगीतात आधीपासून आहे. अडतं ते जोडणीपाशी, आणि बहुतेक प्रश्नही जोडणीचेच आले आहेत.

प्रश्न : आमची रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) सात मात्रांची आहे. ओळी अभंगाच्या छंदात लिहिल्या. कागदावर अक्षरं नीट भरतात, पण गाताना एका ओळीत शब्द मावत नाहीत आणि पुढच्या ओळीत जागा उरते. ऐकणारे म्हणतात, इंग्रजी गाण्याचं भाषांतर वाटतं. (गीतकार-गायिका, पंचवटी)

उत्तर : तुम्ही अक्षरं मोजलीत, पण लिहिलेली. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४ आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. कीर्तनात शब्दाच्या शेवटचा, कधी मधलाही, अकार मोकळा म्हणतात, त्यामुळे लिहिलेलं प्रत्येक अक्षर ऐकू येतं. बोलताना मात्र आपण तो अकार गिळतो. रॉकमध्ये गळा बोलण्याच्या जवळ जातो आणि तिथे अक्षरं गळतात. उदाहरणापुरतं एक कडवं इथेच रचू :

गोदेच्या काठाशी, दिवे वाहतात,
अंधार गातात, कोणासाठी

‘दिवे वाहतात’ लिहिताना सहा अक्षरं, बोलताना दि-वे-वाह्-तात् अशी चारच. ‘अंधार गातात’ही अं-धार्-गा-तात् असं चारांवर येतं. ‘गोदेच्या काठाशी’ मात्र बोलतानाही सहाच राहतं. तुमची अडचण नेमकी ही आहे.

आता साताचे रूपक तालासारखे ३+२+२ असे तुकडे पाडा. रिफमधली एक एट्थ नोट (अर्धा ठोका) म्हणजे एक मात्रा धरा. पहिला चरण : गो-दे-च्या, का-ठा, आणि ‘शी’ दोन मात्रा. दुसरा : ‘दि’ एक आणि ‘वे’ दोन मिळून तीन, मग ‘वाह्’ दोन, ‘तात्’ दोन. तिसरा : ‘अं’ एक आणि ‘धार्’ दोन, मग ‘गा’ दोन, ‘तात्’ दोन. तिन्ही चरण सातात बसले आणि एकही शब्द बोलण्यापेक्षा वेगळा झाला नाही. नियम एवढाच की गिळलेल्या अकाराची मात्रा त्याच्या आधीच्या दीर्घ स्वराला द्यायची, ऱ्हस्वाला नाही. ‘दि’ ताणलात की ‘दीवे’ ऐकू येतं आणि मराठी कान लगेच खट्टू होतो.

चौथा चरण चारच अक्षरांचा आहे, ही अभंगाने दिलेली भेट समजा. पहिल्या कडव्यात ‘को’ दोन, ‘णा’ एक, ‘सा’ दोन, ‘ठी’ दोन असा तो सातात पसरा. दुसऱ्या कडव्यात तो सरळ चार मात्रांत म्हणून टाका आणि पाचव्या मात्रेला रिफ पुन्हा सुरू करा. तीन मात्रा आधीच जमीन सरकल्यासारखी वाटते. हा धक्का छंदातूनच आलेला असल्यामुळे तो ओढूनताणून केलेला वाटत नाही.

भाषांतराचा वास येतो तो ओळीच्या शेवटातून. इंग्रजी रॉकमध्ये लांबवलेला सूर बहुधा एखाद्या वजनदार एकाक्षरी शब्दावर पडतो. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, म्हणून तोच सूर ‘-ते’, ‘-ली’, ‘-लं’ अशा हलक्या प्रत्ययावर येतो आणि ओळ पोकळ होते. क्रियापद ओळीच्या मध्यात घ्या आणि शेवटी नाम येऊ द्या. त्यातही आ किंवा ओ असलेलं, कारण वरच्या पट्टीत ‘ई’ लांबवताना गळा आवळतो. ‘चांदणं’मधला च आणि ‘चंद्र’मधला च वेगळे आहेत, ते रेकॉर्डिंगमध्ये वेगळे ऐकू आलेच पाहिजेत.

आणखी एक. गिटारवादक सोयीसाठी ‘ई’मध्ये गाणं बांधतात आणि गायिकेला ते कुठेतरी अधांतरी पडतं. आधी तुमचा षड्ज, म्हणजे ‘सा’, पेटीच्या कोणत्या पट्टीवर येतो ते पाहा. तो काळी चार असेल तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा, म्हणजे उघडी ‘ए’ तार जी शार्पवर, म्हणजे काळी चारवर येते. गायकाची पट्टी पांढरी दोन असेल तर तो ‘डी’ झाला. जाड तार ‘ई’वरून ‘डी’वर उतरवली की षड्ज आणि पंचम दोन्ही उघड्या तारांवर मिळतात आणि तानपुऱ्याचं काम गिटारच करू लागते.

प्रश्न : सातातून चारात जाताना आणि परत येताना बँड विस्कटतो. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी ‘एक’ धरतो. (ड्रमर आणि बासवादक, सिडको)

उत्तर : ताल बदलताना काय कायम राहणार, हे तुमच्यात बोलून ठरलेलं नाही. शक्यता दोन आहेत. एक, एट्थ नोट तीच राहते आणि आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) सातावरून चार ठोक्यांचं, म्हणजे आठ मात्रांचं होतं. दुसरी, आवर्तनाचा काळ तोच राहतो आणि त्यात चार ठोके बसतात. लय १२० (मिनिटाला १२० ठोके) असेल तर एक एट्थ नोट २५० मिलिसेकंदांची, सातांचं आवर्तन १७५० मिलिसेकंदांचं. त्याच काळात चार ठोके बसवले की लय सुमारे १३७ होते. बास पहिला हिशेब धरतो, ड्रमर दुसरा, आणि गाणं फुटतं. कागदावर त्या जागी लिहून ठेवा : ‘मात्रा तीच’ किंवा ‘आवर्तन तेच’.

आकडे मोजण्यापेक्षा बोल म्हणा. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ हे तोंडाने म्हणत रिफ वाजवली की तीन-दोन-दोनचे खांब आपोआप उभे राहतात. रूपकाची समच, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्राच, ‘खाली’च्या बिनजोराच्या जागी येते, म्हणून ती हलकी असते. रॉक ड्रमर सवयीने पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) मारतो. ती काढून बघा. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे दोन्ही ‘धी’वर ठेवा, पहिली मात्रा नुसत्या हाय-हॅटला (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेला) द्या. रिफ तीच राहील, चाल बदलेल. आमच्या मते मराठी प्रोग्रेसिव्ह बँडने सर्वांत आधी करून बघावी अशी गोष्ट हीच आहे.

परत येण्यासाठी तिहाई वापरा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर या. सातांच्या दोन आवर्तनांत १४ मात्रा असतात आणि पुढची सम पंधरावी. म्हणून पाच मात्रांचा तुकडा समेपासून सलग तीनदा वाजवला की शेवटचा आघात थेट समेवर पडतो. तीन मात्रांचा तुकडा, मध्ये तीन मात्रा शांतता, असं तीनदा केलं तरी बेरीज १५च. हे सगळ्यांनी आधी टाळ्यांनी बसवावं, वाद्यं नंतर.

गिटार सातात आणि ड्रम आठात ठेवायचे असतील तर दोघे ५६ एट्थ नोट्सनंतर एकत्र सम गाठतात. सातांची आठ आवर्तनं, आठांची सात. त्याआधी कुणीही घाबरून समोरच्याकडे पाहून आपली सम हलवू नये. सराव ८४च्या लयीत करा. क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) दोन आवर्तनं चालू, दोन बंद. बंद भागानंतर क्लिक परत आल्यावर कुठे आहात, ते खरं मोजमाप.

प्रश्न : मांडवात वाजवताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. ॲम्पमधून सतत घूं येतं. साउंडवाला म्हणाला, गिटार ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढा. घूं गेलं, झटका वाढला. (गायक-गिटारवादक, सातपूर)

उत्तर : ती पिन आजच परत बसवा. अशा अवस्थेत माणूस मरू शकतो. तुमचा हात तारांवर असतो, तारा ॲम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि ओठ माइकच्या जाळीवर, जी मिक्सरच्या चासीला जोडलेली असते. दोन्ही चासींमध्ये जो काही व्होल्टेज-फरक असेल तो तुमच्या शरीरातून जातो.

पाच मिनिटांची तपासणी आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक तारांना, दुसरं माइकच्या जाळीला. काही व्होल्ट जरी दिसले तरी वाजवायचं नाही. मग सॉकेट बघा : फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही साधारण तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ तीस-चाळीस दाखवत असेल तर अर्थिंग नाही किंवा न्यूट्रल सैल आहे. जनरेटरवर हे फार वेळा होतं, कारण जनरेटरची अर्थिंगची वायर जमिनीत ठोकलेलीच नसते.

मिक्सर, गिटार-बासचे ॲम्प, कीबोर्ड, पेडलचा सप्लाय हे सगळं एकाच फेजवरच्या एकाच बोर्डावरून घ्या. लाइटिंग दुसऱ्या फेजवर. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. एवढं करूनही घूं राहिलं तर सिग्नलच्या वाटेत तोडा : बास आणि कीबोर्डला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्ट बटन दाबा. विजेच्या प्लगला हात लावायचा नाही.

घूंचा सूर ऐकूनही कारण ओळखता येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जवळपास खर्जातला ‘जी’, पांढरी पाच. हा खोल सूर असेल तर अर्थिंगचा फेरा किंवा सिंगल कॉइल पिकअपने (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी कॉइलने) ओढलेला गोंगाट समजा. गिटार हातात धरून जागेवर फिरलात आणि आवाज कमी-जास्त झाला तर दोष पिकअपकडचा. एक सप्तक वर, १०० हर्ट्झवर खरखरीत घूं असेल तर ॲम्पच्या सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर थकलेत. ट्यूब ॲम्प मात्र घरी उघडू नका, बंद केल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट साठलेले राहतात.

प्रश्न : घरी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (गिटारचा आवाज फाडणारं पेडल) बनवला. डिसेंबरात सुरेख वाजायचा, आता मेमध्ये आवाज तुटक आणि घोगरा येतो. शिवाय इतर पेडलच्या सप्लायवर लावला की सगळा बोर्डच बंद पडतो. (गिटारवादक, गंगापूर रोड)

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. बोर्ड बंद पडतो कारण तुमचे ट्रान्झिस्टर पीएनपी आहेत, त्यांचं सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचं, म्हणजे बॅटरीचं धन टोक ग्राउंडला. बाकीची पेडल निगेटिव्ह ग्राउंडची. एकाच माळेत लावलं की सिग्नलच्या वायरीच्या शील्डमधून सप्लाय शॉर्ट होतो. या पेडलला स्वतंत्र नऊ व्होल्टची बॅटरी द्या, किंवा प्रत्येक आउटपुट वेगळा आयसोलेट केलेला सप्लाय घ्या. फझ काही मिलिअँपिअरच खातो, त्यामुळे साधी झिंक-कार्बन बॅटरीही महिनोन्‌महिने चालते. वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा, एवढंच.

आवाज बिघडतो तो उष्णतेने. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती (नको असलेला करंट) दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. नाशिकची डिसेंबरची रात्र आणि मेमधली ४०च्या जवळची दुपार यांत ती कित्येक पटींनी बदलते आणि बायस (ट्रान्झिस्टरचं ठरवून दिलेलं व्होल्टेज) सरकतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मीटर लावा. तिथे ग्राउंडच्या मानाने साडेचार व्होल्ट (पीएनपीत उणे) हवेत. त्या कलेक्टरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २० किलोओहमचा ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवा आणि ज्या गावात, ज्या वेळी वाजवणार तिथल्या तापमानाला पेडल अर्धा तास ठेवून मगच फिरवा. ट्रिमपॉटऐवजी बाहेर नॉब काढलात तर मैफलीत वाकून जुळवता येईल. पेडल गाडीच्या डिकीत उन्हात ठेवणं पूर्ण बंद.

वर्षभर एकसारखा आवाज हवा असेल तर सिलिकॉनचा दुसरा फझ करा. बीसी ५४७ ए हा कमी गेनचा प्रकार घ्या. त्याच्याच बी आणि सी प्रकारांचा गेन इतका असतो की आवाज चिरका होतो. सिलिकॉन रेडिओची स्टेशनंही पकडतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला की ते थांबतं.

क्रमही तपासा. फझ गिटारनंतर पहिला, मध्ये बफरवालं (सिग्नलला मध्येच जोर देणारं) पेडल नको, ट्यूनरसुद्धा नको. फझचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो आणि त्याला पिकअपशी थेट बोलायचं असतं. तरच गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणल्यावर आवाज स्वच्छ होतो. वायरलेस वापरलंत तर हे नातं तुटतं आणि फझ पातळ होतो. त्या गाण्यापुरती वायर लावा.

प्रश्न : डिलेचं (प्रतिध्वनी देणारं) पेडल अंदाजाने लावतो, पण तालात बसत नाही. शिवाय घरी छान वाटणारा प्रतिध्वनी नाट्यगृहात चिखल होतो. (गिटारवादक, इंदिरानगर)

उत्तर : ६०,००० भागिले लय, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. लय ९६ असेल तर ६२५. डॉटेड एट्थ (दीड मात्रा) हवं तर त्याच्या पाऊणपट, ४६९. सातांच्या तालात मात्र डॉटेड एट्थ आवर्तनाच्या कडेला नीट जुळत नाही, दर आवर्तनाला अर्धी मात्रा सरकत राहतो. तो सरकता गोंधळ हवा असेल तर उत्तमच. नको असेल तर डिले दोन मात्रांवर ठेवा, तो ३+२+२मधल्या दोन-दोनना बरोबर लागतो.

कालिदास कलामंदिरासारख्या बंद नाट्यगृहात सभागृह स्वतःचा घुमारा घालतंच. तिथे रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) जवळजवळ काढून टाका, डिलेचे फेरे सहावरून दोनवर आणा आणि प्रतिध्वनीतून ३०० हर्ट्झखालचं व ३,००० हर्ट्झवरचं कापा. ध्वनितपासणीत रिकाम्या सभागृहात जे जास्त वाटतं ते प्रेक्षक बसल्यावर थोडं आवरतं, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : एकच सूर खाली चालू ठेवायचा तर कॉर्ड कसे बदलायचे? सगळं एकाच कॉर्डवर अडकतं. (कीबोर्डवादक, नाशिक रोड)

उत्तर : राग निवडा, कॉर्ड त्यातूनच काढा. षड्ज ‘डी’ धरून भैरव लावलात तर सूर मिळतात डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी शार्प. त्यात डी मेजर आहे आणि अर्ध्या सुराने वर ई फ्लॅट मेजरही आहे. शिवाय जी मायनर आणि एफ शार्प मायनर. खाली ‘डी’ घुमत ठेवून वर ई फ्लॅट मेजर वाजवा, दोन आवर्तनं तसंच ताणा, मग डी मेजरवर या. काफी हवा असेल तर डी मायनर आणि जी मेजर एवढे दोनच कॉर्ड दहा मिनिटं पुरतात. भैरवाचा कोमल रिषभ (इथे ई फ्लॅट) आंदोलित, म्हणजे झुलता असतो, कीबोर्डवर तो ठोकळ्यासारखा उभा राहतो. ती जागा स्लाइड गिटारला किंवा गळ्याला सोडा. आणि पेटी सोबत घेणार असाल तर आधी ट्यूनर लावून बघा, बऱ्याच जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या ‘ए’ला जुळलेल्या नसतात.

प्रश्न : दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सराव करतो, उंचीही दहा. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तरी शेजारी भांडतात आणि बासचा एकच सूर ढणाणतो. (बँड, मखमलाबाद)

उत्तर : अंड्यांचे ट्रे काढून टाका. त्यांना वजन नाही म्हणून आवाज अडत नाही, आणि ते लवकर पेटतात. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो. सुरुवात दारापासून करा : जड फ्लश दार, चारही बाजूंना रबरी गॅस्केट, खाली उंबरठ्याला टेकणारी पट्टी. खिडकी आतून साडेबारा मिलिमीटर जिप्सम बोर्डच्या दोन थरांनी बंद करा, फटींत सीलंट. हवेची वाट मात्र ठेवा.

ढणाणणारा सूर खोलीच्या मापातून येतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले मापाच्या दुप्पट, उत्तर सुमारे ५६ हर्ट्झ. तुमची रुंदी आणि उंची दोन्ही दहा, म्हणून तो जोर दुहेरी होतो, आणि बासची उघडी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची आहे. तीच तार ढणाणत असणार. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत चार इंच जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) कापडात शिवून उभं करा. खर्च नको असेल तर गादीवाल्याकडून जाड कापसाच्या गाद्या घ्या. कोपऱ्यात भिंतीपासून वीतभर सुटी लावलेली गादी पातळ फोमपेक्षा कितीतरी चांगलं काम करते, कमी फ्रिक्वेन्सीला रॉकवूलइतकं नाही. बासचा ॲम्प कोपऱ्यातून उचला.

आणि कान जपा. आवाज १०० डेसिबलवर गेला की १५ मिनिटांतच दिवसभराची सुरक्षित मर्यादा संपते. ड्रमच्या शेजारी एवढा आवाज सहज असतो.

प्रश्न : गाण्याच्या शेवटच्या भागात नाशिक ढोल आणि संबळ आणायचे आहेत. सरावात जोश येतो, रेकॉर्डिंगमध्ये सगळा गाळ. (बँड, आडगाव)

उत्तर : ढोल, किक ड्रम आणि बास गिटार एकाच तळाशी बसतात. तिघांनी एकदम वाजवलं तर गाळच होणार. ढोल आला की किक काढा आणि बासने एक सप्तक वर जावं. ताशा असेल तर हाय-हॅट बंद, कारण दोघेही त्याच उंचीवर तीच बारीक कडकड करतात. मिक्सिंगमध्ये बटणं फिरवून हा प्रश्न सुटत नाही, तो रचनेतच सोडवावा लागतो.

ढोल मोठ्या खोलीत किंवा मोकळ्या शेडमध्ये घ्या. टिपरूच्या (काठीच्या) बाजूला डायनॅमिक माइक, पानाच्या (ताणलेल्या पडद्याच्या) मध्यापासून जरा बाजूला, १५ ते २० सेंटिमीटरवर. हाताच्या बाजूला दुसरा. हे दोन माइक समोरासमोर असल्यामुळे एका पानाचा धक्का एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर दिसतो, म्हणून एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करा. केली नाही तर दोन माइक मिळून एकापेक्षा पातळ आवाज देतात. पातळी २४ बिटवर, सर्वांत जोरदार आघात उणे १० डेसिबलच्या आसपास. सराव करताना वादक हात राखून वाजवतो आणि ‘रेकॉर्ड’ म्हटल्यावर जीव तोडून, म्हणून पातळी लावताना त्याला शेवटचाच भाग वाजवायला सांगा.

पावसाळ्यात चामड्याचं पान दमट होऊन सैल पडतं. दोऱ्या ताणून थोडं सावरतं, पण दोन तासांत पुन्हा उतरतं. तीनेक फुटांवरून हॅलोजन दिव्याची ऊब द्या, जाळ नको. फायबरचं पान उतरत नाही, मात्र त्याचा आवाज कोरडा आणि टणक. आम्ही रेकॉर्डिंगला चामडं आणि जुलैतल्या उघड्या मंचाला फायबर असं सुचवू. संबळाची दोन भांडी वेगवेगळ्या माइकवर घ्या आणि मोठं भांडं गाण्याच्या षड्जाच्या जवळ चढवा-उतरवा.

लॉन्सवर कार्यक्रम असेल तर ढोलाचा भाग कार्यक्रमाच्या शेवटाला ठेवू नका. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सूट वर्षात मोजक्या दिवसांना आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. एक गाणं लांबलं की पुढचं कापलं जातं, आणि शेवटाला ठेवलेलं ढोलाचंच कापलं जातं.

प्रश्न : कुसुमाग्रजांच्या कवितेला चाल लावायची आहे. तुकोबांचा एक अभंगही घ्यायचा आहे. परवानगी लागते का? आणि बँडमध्ये हक्क कुणाचे? (बासवादक, कॉलेज रोड)

उत्तर : कुसुमाग्रज १९९९ साली गेले. आपल्याकडे साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. हक्कदाराची लेखी परवानगी घ्या, आणि तीही गाणं रेकॉर्ड करण्याआधी. पत्रात स्पष्ट लिहा : ओळी बदलणार का, कडवी गाळणार का, फक्त ध्वनी की व्हिडिओसुद्धा. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत. पण तुमच्या कानात असलेली चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती मोकळी नाही. शब्द घ्या, चाल स्वतःची करा.

बँडमध्ये तीन गोष्टी वेगळ्या धरा : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने निर्माता. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणा कंपनीला लिहून देता येत नाही. तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत गोळा होतो, तिथे शब्द आणि चाल करणाऱ्यांनी वेगवेगळी सदस्यता घ्यावी. एकत्र वाजवता-वाजवता गाणं झालं असेल तर कुणाचा किती वाटा हे त्याच संध्याकाळी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. दोन वर्षांनी कुणालाही नेमकं आठवत नाही.

प्रश्न : गाणं ११ मिनिटांचं आहे. तोडून टाकावं का? (गिटारवादक, सिन्नर)

उत्तर : गाण्याला ११ मिनिटं लागत असतील तर तोडू नका. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकलं की एक ऐकणं धरलं जातं, त्यामुळे लांबीने पैसे वाढत नाहीत हे खरं. पण पहिल्या ३० सेकंदांत नुसता वाऱ्याचा आवाज ठेवलात तर नवा श्रोता तिथेच निघून जातो. रिफ किंवा गळा २० सेकंदांच्या आत आणा, वारा नंतर येऊ द्या. भाग वेगळे करायचेच असतील तर एकच लांब फाइल मिक्स करा आणि ती समेवर, लाट शून्यातून जाते त्या बिंदूवर कापा. डब्ल्यूएव्ही (न दाबलेली) फाइल द्या. एमपी३ फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचा छोटा तुकडा चिकटतो आणि जोडावर गचका बसतो.